दोनच्या वर

१२ जानेवारी २०१६

मुक्ता मॅडमनी आज उमापूरच्या बंद पडलेल्या दूध शीतकरण केंद्राची कोल्ड रूम उघडायला लावली आणि आत जाऊन दार लावून घेतलं. बाहेर मी आणि धुळाजी. धुळाजी केंद्राचा जनरेटर आणि पाण्याचा पंप सांभाळतो. बराच वेळ आतून काहीच हालचाल नाही.

"सर, बाईंला घाबरल्यावानी झालं असंल. उघडू का?" धुळाजी म्हणाला.

तेवढ्यात दार उघडलं. मॅडमच्या केसांत जळमटं आणि तोंडभर हसू. "राधाकिशन, डोळ्यासमोर धरलेलं बोट दिसत नाही. झकास अंधार आहे!"

मेमध्ये रिटायर होणाऱ्या बाईला अंधार मिळाल्याचा एवढा आनंद मी पहिल्यांदाच पाहिला.

मॅडम आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्राच्या विभागप्रमुख आहेत. मूळच्या पालीच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. मी त्यांच्या हाताखाली तासिका तत्त्वावर शिकवतो, हे माझं चौथं वर्ष. कॉलेजही दूध संघाचं आणि हे केंद्रही संघाचंच. यंदा दूध आटलं तसं दिवाळीत केंद्र बंद केलं. आता आवारात चारा छावणी आहे. गेवराई तालुक्यातली जनावरं दावणीला, आणि मधे ही रिकामी, जाड भिंतींची, अंधारी खोली.

मॅडमना इथे एक प्रयोग करायचा आहे. प्रकाशाच्या कणाचा एखादा गुण आपण मोजतो, तेव्हा तो आधीपासून ठरलेला असतो का? की मोजेपर्यंत तो ठरलेलाच नसतो? मला तरी वाटतं, ठरलेला असणारच. खिशात नाणं आहे की नाही हे खिशात हात घालण्याआधीच ठरलेलं असतं. हे बोललो तर मॅडम म्हणाल्या, "मलाही तसंच वाटतं. म्हणून तर मोजायचं."

१९ जानेवारी

संघाचे चेअरमन बंकटअण्णा आज बोलले, परवानगी मिळाली. पण आधी उलटतपासणी झाली.

"मॅडम, ह्याच्यातनं पाऊस पडंल का?"

"नाही."

"दूध वाढंल?"

"नाही अण्णा."

"मंग संघानं डिझेल कावून जाळायचं?"

मॅडम शांतपणे म्हणाल्या, "जगातल्या हुशार माणसांनी ह्या प्रश्नावर ऐंशी वर्षं भांडण केलं. ते भांडण प्रयोगानं सुटतं. तो प्रयोग आपल्या जिल्ह्यात कोणी केलेला मी तरी ऐकला नाही. पुण्याची एक संस्था एप्रिल संपेपर्यंत यंत्रं वापरायला देते आहे. तुमची खोली मिळाली तर तो आपल्याकडं होईल."

'आपल्याकडं' ह्या शब्दावर अण्णांची मिशी हलली. आठ मार्चला संघाचा वर्धापनदिन आहे. तोवर काही हाती आलं तर स्टेजवरून सांगता येईल, असं त्यांनीच सुचवलं. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "राधाकिशन, बाई रिटायर होनार. निकाल झ्याक आला तर जूनपासून तुमचं कायमचं बघू."

घरी येताना सायकल आपोआप चालत होती.

३ फेब्रुवारी

यंत्रं बसली. एका फळीवर जांभळा लेसर, त्याच्यापुढे नखाएवढा स्फटिक. स्फटिकातून मधूनच प्रकाशाच्या कणांची जोडी निघते. एक कण डावीकडं जातो, एक उजवीकडं. दोन्ही वाटांवर एकेक पोलरायझर आहे. ही एक चाळणीसारखी काच, हव्या त्या कोनात फिरवता येते. कण एक तर तिच्यातून पार होतो, नाहीतर अडतो. पलीकडे कण टिपणारे दोन डिटेक्टर. दोघांनी एकदमच कण टिपला की काउंटरवर लाल आकडा एकानं वाढतो.

डिटेक्टरना उकाडा सोसत नाही. गरम झाले की कण नसतानाही ठोके देतात. म्हणून कोल्ड रूम, म्हणून जनरेटर.

आज पहिल्यांदा आकडा हलला. मॅडम कितीतरी वेळ नुसत्या बघत बसल्या.

१० फेब्रुवारी

आज साखराबाई आत घुसल्या. चकलांब्याच्या महिला दूध सोसायटीच्या अध्यक्ष. त्यांच्या म्हशी छावणीत आहेत, त्यामुळे त्यांचाही मुक्काम इथेच. जमिनीच्या दाव्यात गेवराईच्या कोर्टाच्या इतक्या वाऱ्या केल्यात की वकीलही त्यांना बिचकतात.

"आमच्या म्हशी उनात, आन् तुमचा उजेड गारव्यात. हाय तरी काय त्यात?"

मला वाटलं आता वाद होणार. मॅडमनी त्यांना स्टूल दिलं आणि सगळं सांगितलं. दोन कण, दोन चाळण्या, पार होणं आणि अडणं. "पार व्हायचं का अडायचं हे कणानं घरूनच ठरवून आणलेलं असतं, की चाळणीपाशी आल्यावर ठरतं, एवढंच बघायचंय."

साखराबाई म्हणाल्या, "म्हंजी साक्षीदार पढवलेला हाय का न्हाई, ते हुडकायचं."

मॅडमनी टाळीच वाजवली. "अगदी तेच! दोन साक्षीदार, दोन वेगळ्या खोल्या. कोणता प्रश्न विचारायचा ते दर वेळी बदलायचं. पढवलेले असतील तर त्यांच्या उत्तरांचा मेळ एका हद्दीपलीकडं जाऊच शकत नाही. कितीही हुशारीनं पढवा. त्या हद्दीचा आकडा आहे दोन. आकडा दोनच्या वर गेला, तर ते घरून ठरवून आलेले नव्हते."

"आन् आतून एकमेकाला फोन लावला तर?"

"ती पळवाट आहेच. मागच्याच वर्षी मोठ्या प्रयोगशाळांनी दोघांना इतकं लांब बसवलं की फोन पोचायच्या आत उत्तर द्यावं लागलं. तरी आकडा दोनच्या वरच गेला. आपल्या खोलीत ते जमणार नाही, आणि जमलं असं आपण म्हणायचंही नाही."

साखराबाई उठल्या. "मंग जमतंय तेवढं तरी नीट करा." आणि गेल्या. बाई जरा फटकळच आहे. मॅडम मात्र दिवसभर खुशीत होत्या.

१८ फेब्रुवारी

मॅडमचे कॉलेजात तास असतात, त्या दुपारी येतात. सकाळची मोजणी आता पूर्णपणे माझ्याकडे. चाळण्यांच्या कोनांच्या सोळा जोड्या, प्रत्येकीची एक मोजणी. सोळांचा हिशेब केला की शेवटी मेळाचा तो एक आकडा निघतो, दोनच्या वर की खाली. काही जोड्यांना आकडा मोठा यायला हवा, काहींना लहान. कुठे कसा यावा हे मला आता तोंडपाठ आहे.

त्रास पंपाचा. छावणीच्या हौदात पाणी चढवायला धुळाजीनं पंप लावला की व्होल्टेज पडतं, लेसर मंदावतो आणि मोजणी बिघडते. आज लहान यायला हवा तिथे मोठा आकडा आला. पंप चालूबंद होत असणार. मोजणी टाकून पुन्हा घेतली, तशीच आली. तिसऱ्यांदा बरोबर आली.

मॅडमना असल्या बारीकसारीक गोष्टींचा त्रास द्यायचा नाही असं मी ठरवलं आहे. त्यांनी माझ्यावर टाकलेला विश्वास सार्थ करायचा.

२४ फेब्रुवारी

हात चांगलाच बसला. खराब मोजणी आता नुसती बघूनच ओळखू येते. मोठी हवी तिथे लहान आली की समजायचं पंप. धुळाजीला विचारायचीही गरज पडत नाही.

२ मार्च

दोन पूर्णांक एक्क्याण्णव!

तीनदा हिशेब केला. २.९१. दोनच्या वर, आणि केवढा वर! पुस्तकांतल्या प्रयोगांतही इतका मोठा आकडा मी वाचलेला नाही. पढवलेले नाहीत. आधी काही ठरलेलं नाही. आणि हे सिद्ध झालं उमापूरला!

मॅडम यायच्या होत्या. मला धीर निघाला नाही, आधी बंकटअण्णांनाच फोन केला. ते फोनवर ओरडले, "वाऽ रे वाघा!" मॅडम आल्यावर आकडा दाखवला. त्या खुर्चीत बसल्या, पदरानं डोळे टिपले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. हा दिवस मी विसरणार नाही.

४ मार्च

गेवराईत फलक लागला आहे. त्यावर अण्णांचा फोटो मोठा, मॅडमचा मध्यम, माझा पासपोर्टाएवढा. पण आहे.

मॅडम मात्र गप्प आहेत. आज विचारलं, "राधाकिशन, वरची हद्द माहीत आहे ना तुला?"

होती, पण लक्षात आली नव्हती. पढवलेल्या साक्षीदारांची हद्द दोन. पण पुंजभौतिकीप्रमाणे, म्हणजे क्वांटमच्या नियमांनी, न पढवलेल्यांनाही हद्द आहे. ती साधारण दोन पूर्णांक त्र्याऐंशी. त्याच्यावर निसर्गही जात नाही.

"म्हणजे आपला आकडा निसर्गाच्याही पुढं गेला?" मी हसत म्हणालो.

मॅडम हसल्या नाहीत. "कालपर्यंत मी स्वतःला समजावत होते की थोडीफार चूकभूल असेल. पण एवढी नसते."

मला वाटतं, वयाप्रमाणे माणूस आनंदालाही घाबरायला लागतो.

६ मार्च

कॉलेजला रविवारची सुट्टी, म्हणून मॅडम सकाळीच आल्या. म्हणाल्या, "तू रोज जसं करतोस तसंच कर. मी नुसती बसते."

मी उत्साहानं सगळं दाखवलं. कोन लावणं, मोजणी घेणं, खराब मोजणी ओळखून टाकणं आणि पुन्हा घेणं. एकदा सांगितलंसुद्धा, "ही बघा मॅडम, इथे आकडा लहान हवा, मोठा आलाय. पंप असणार. टाकली." दुसऱ्यांदा छान आली.

मॅडमनी बाहेर जाऊन धुळाजीला काहीतरी विचारलं. परत येऊन पुन्हा बसल्या. शेवटपर्यंत एकदाही टोकलं नाही. निघताना एवढंच म्हणाल्या, "बरं."

माझी पद्धत त्यांना आवडली असावी.

८ मार्च

हे कसं लिहावं कळत नाही.

मांडव भरलेला. अण्णांचं भाषण झालं. त्यात दुष्काळ, संघ, विज्ञान, सगळं आलं. मग मॅडमना शाल द्यायला बोलावलं. त्या उठल्या, माइकपाशी गेल्या आणि शाल घेण्याआधीच बोलू लागल्या.

"अण्णा, क्षमा करा. जाहीर केलेला निकाल मी मागं घेते. आकडा चुकला आहे. यंत्रं चांगली आहेत, खोली चांगली आहे. मोजण्याच्या पद्धतीत चूक झाली आणि ती चूक माझी आहे. संघाचं डिझेल वाया गेलं, त्याचीही जबाबदारी माझी. पुन्हा करायला मिळालं तर मी पुन्हा करीन. नाही मिळालं तर मला उत्तर माहीत नाही, असंच म्हणेन."

अण्णांच्या हातात शाल तशीच. मॅडम खाली उतरल्या, चप्पल घातली, पदर सावरला आणि ताठ मानेनं रस्त्याला लागल्या. मी मागे धावलो.

"मॅडम, तुमची कसली चूक? तुम्ही तर मोजणी घेतलीच नाही!"

"म्हणूनच," त्या म्हणाल्या.

मॅडमचं काय चुकलं हे मला अजून कळलेलं नाही. माझं जून मात्र गेलं, एवढं कळलं.

११ मार्च

डिझेल बंद. अण्णांचा निरोप धुळाजीनंच आणला आणि तो सांगताना बिचाऱ्याची मान खाली होती. "चार लोकांत तोंडावर पाडलं, म्हनले. कुलूप लाव, म्हनले."

मॅडमनी डिटेक्टर कापडात गुंडाळून पेटीत ठेवले. मी चिडून बोललो. म्हणालो, गप्प राहिला असतात तर कोणाला कळलं असतं? ह्या जिल्ह्यात तो आकडा तपासणार कोण होतं?

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. "मी होते ना," त्या म्हणाल्या.

२१ मार्च

दहा दिवस लिहिण्यासारखं काही नव्हतं. आज झालं.

छावणीत एवढी जनावरं एका जागी असल्यानं थोडंथोडं दूध जमतं, पण उन्हानं दुपारपर्यंत नासतं. साखराबाईंनी महिला सोसायटीची बैठक छावणीतच घेतली, कडब्याच्या पेंढ्यांवर बसून. मला आणि मॅडमना बोलावलं होतं. अण्णाही आले, कारण जागा संघाची.

साखराबाईंनी मुद्दा मांडला. जनरेटरला डिझेल सोसायटी घालणार, सकाळी कोल्ड रूम चालू ठेवणार आणि छावणीचं दूध तिथे ठेवून टँकरनं बीडला धाडणार. मग अण्णांकडे वळल्या, "आन् खोली गार हाईच तर एका कोपऱ्यात मॅडमचा उजेड ऱ्हाईल. त्यो काय दूध पीत न्हाई."

अण्णा म्हणाले, "साखराबाई, त्या बाईनं संघाचं हसं केलं."

"हसं? अवो, दुधात पानी घालून फॅट वाढलं म्हननारे लई बघितले. स्वताच्या दुधात पानी घावलं म्हून भर मांडवात सांगनारी हीच बघितली. असल्या मानसाला खोली न्हाई द्यायची तर कुनाला द्यायची?"

बायका हसल्या. अण्णा बराच वेळ बुटाच्या टोकानं माती उकरत राहिले. मग म्हणाले, "तुमचं डिझेल, तुमचं दूध. माझं काय जातंय."

परवानगी म्हणून एवढंच.

मॅडमनी हात जोडले, तर साखराबाई म्हणाल्या, "पंपाचं मातर आदीच सांगते. जनावराला तहान लागली की पंप लागनार. तुमच्यापायी थांबनार न्हाई."

"थांबवूच नका," मॅडम म्हणाल्या. "पंपाची वेळ आधीच ठरवून द्या. त्या वेळी आम्ही थांबू."

२५ मार्च

नवी पद्धत. मॅडमनी कॉलेजातले तास दुपारी लावून घेतले आहेत, सकाळी त्या आत बसून चाळण्यांचे कोन लावणार. मी दाराबाहेर काउंटरपाशी. तार दाराखालून आणली आहे. कोणते कोन लावलेत हे मला सांगायचं नाही, माझा आकडा त्यांनी ऐकायचा नाही. कोनांचा क्रमही आमचा नाही. दूध मोजायच्या मापात चिठ्ठ्या टाकायच्या आणि रोज सकाळी साखराबाईंनी एकेक काढायची. आलेली प्रत्येक मोजणी ठेवायची. एकही टाकायची नाही.

मी म्हणालो, "आणि खराब आली तर?"

"खराब हे आकडा बघून ठरवायचं नाही. पंपाच्या वेळी थांबायचं, ते आधी ठरवलंय म्हणून. आकडा आवडला नाही म्हणून थांबायचं नाही."

मला हे लागलं. चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढली आणि आता मला आंधळ्यासारखं दाराबाहेर बसवलं. माझ्यावरचा विश्वास उडाला असेल तर तसं सांगावं. दिवसभर मी कामापुरतंच बोललो.

४ एप्रिल

आज एक आकडा फारच लहान आला. माझा हात आपोआप बटणाकडे गेला. पुन्हा घ्यावी.

आणि हात तिथेच थांबला. कोन कोणते हे मला माहीत नव्हतं. आकडा लहान यायला हवा होता की मोठा, हेच माहीत नव्हतं. मग 'फारच लहान' हे मी कशाच्या आधारावर म्हणालो?

पंप बंद होता. धुळाजी समोर लिंबाखाली बसून भाकरी खात होता.

मग एकदम फेब्रुवारी डोळ्यासमोर आला. पंप दिवसभर चालूबंद व्हायचा. त्यानं मोठे आकडे लहान केले असतील तसे माझ्या सोयीचे लहान आकडेही त्यानंच केले असतील. पण सोयीचा आला की मी पंपाची चौकशी केली नाही. गैरसोयीचा आला की दर वेळी पंप. व्होल्टेजच्या चढउतारातून मी हवे तेवढे वेचून घेतले होते. हात बसला, हात बसला म्हणत होतो, तो ह्यात बसला होता.

मोजणी आटोपल्यावर मॅडम बाहेर आल्या. मी सगळं सांगून टाकलं.

"हो," त्या म्हणाल्या. "त्या रविवारी माझ्यासमोर केलंस तेव्हा कळलं. धुळाजीला विचारलं, तू टाकलेल्या निम्म्या मोजण्यांच्या वेळी पंप बंदच होता."

"मग स्टेजवर तुम्ही 'माझी चूक' का म्हणालात?"

"विभागप्रमुख कोण आहे? तुला आकडे कुठं कसे यावेत हे पाठ करून देऊन एकटं बसवणारी कोण?" मग म्हणाल्या, "आणि दोन दिवस मीही तो आकडा धरून बसलेच होते रे. मला तो हवा होता."

"मला तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू 'चुकलो' म्हणाला असतास. कळलं असतं का?"

मी नाही म्हणालो. त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्यापुढे सरकवली.

१३ एप्रिल

उन्हाचा कहर. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्याचीच चर्चा. इथे टँकर एक दिवसाआड येतो. मॅडम गेवराईहून एसटीनं येतात, ओला रुमाल डोक्यावर ठेवून कोल्ड रूमपर्यंत चालत येतात, येताना छावणीतल्या एखाद्या म्हशीच्या कपाळावर हात फिरवतात. साठाव्या वर्षी ही बाई एका आकड्यासाठी रोज हे करते आणि तो आकडा काय येईल ह्याची एकदाही घाई करत नाही. विचारलं तर म्हणाल्या, "दोनच्या खाली आला तर शिकवलेलं सगळं पुन्हा तपासावं लागेल. तेही चालेल."

खरंच चाललं असतं त्यांना. हे मी आता खात्रीनं लिहू शकतो.

२१ एप्रिल

सगळ्या मोजण्या संपल्या. आज मॅडमचे कोन आणि माझे आकडे पहिल्यांदा शेजारी ठेवले. मॅडम म्हणाल्या, "तू कर हिशेब, मी बघत नाही," आणि दाराबाहेर जाऊन साखराबाईंना कॅन उचलू लागल्या.

एकदा केला. दुसऱ्यांदा केला. बाहेर येऊन सांगितलं, "दोन पूर्णांक छत्तीस."

मॅडमनी कॅन खाली ठेवला. "चूकभूल?"

"दशांशाच्या दुसऱ्या घरात. कशीही धरली तरी दोनच्या खाली येत नाही."

"एखादी मोजणी टाकलीस?"

"एकही नाही मॅडम."

त्या कॅनच्या झाकणावरच बसल्या. ह्या वेळी डोळे टिपले नाहीत, वाहू दिले. साखराबाई घाबरून म्हणाल्या, "अवो, वाईट आलं का काय?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "खरं आलं."

२४ एप्रिल

छावणीत संघाची सभा होती. चाऱ्याचे विषय संपल्यावर अण्णांनी मॅडमकडे न बघता विचारलं, "तवा दोन एक्क्याण्णव. आता दोन छत्तीस. म्हंजी घटलंच की. मंग हे दीड म्हैनं केलं काय?"

मॅडम उठायच्या आत मी उठलो. बोलायचं ठरवलं नव्हतं.

"अण्णा, एक्क्याण्णव मी केला होता. मला हवे तेवढे आकडे ठेवले, नको ते टाकले. मॅडमनी त्यातला एकही मोजला नव्हता. मांडवात त्यांनी स्वतःचं नाव घेतलं, ते माझ्यासाठी. छत्तीसमधे कोणाचा हात नाही. म्हणून तो लहान असला तरी मोठा आहे."

अण्णा मॅडमकडे वळले. "तुमी ह्याचं नाव कावून घेतलं न्हाई?"

"माझा माणूस आहे," मॅडम म्हणाल्या.

अण्णांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. त्यांनी मॅडमना हात जोडले, आणि ह्या वेळी शाल नव्हती, फोटोवाला नव्हता. मला म्हणाले, "तुमच्या जूनचं जूनमधी बघू." धमकी की आश्वासन, कळलं नाही. पण झोप चांगली लागली.

२९ एप्रिल

उद्या डिटेक्टर पुण्याला परत जाणार. मॅडमनी आज त्यांचा शेवटचा तास कोल्ड रूममध्ये घेतला. तिसऱ्या वर्षाची पोरंपोरी दुधाच्या कॅनमधून वाट काढत आत आली. मागे साखराबाई आणि त्यांच्या बायका, धुळाजी, आणि सगळ्यात शेवटी बंकटअण्णा, दारापाशी उभे.

दिवा घालवला. आज आत आणून ठेवलेल्या काउंटरचा लाल आकडा तेवढा अंधारात. मॅडमनी अण्णांना पुढे बोलावून त्यांच्या हातानं चाळणी फिरवायला लावली. आकडा घसरत गेला, मग हळूहळू वर चढला. अण्णा तोंडातल्या तोंडात "आयला" म्हणाले आणि पुन्हा फिरवू लागले. त्यांना थांबवावं लागलं.

दिवा लावून मॅडम फळ्यापाशी गेल्या. फळा म्हणजे दूधसंकलनाचा, त्यावर काल रात्रीचं फॅट लिहिलेलं. त्या म्हणाल्या, "एकतीस वर्षं मी वर्गात एक वाक्य सांगत आले. पुस्तकातलं. 'प्रयोगान्ती असे आढळून आले आहे.' कोणाला आढळलं, कुठं आढळलं, कधी कोणी विचारलं नाही. तुम्ही विचारलं असतं तरी मी दुसऱ्याच कुठल्या देशाचं नाव सांगितलं असतं. लिहून घ्या."

आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "प्रयोगान्ती, उमापूर येथे, असे आढळून आले आहे."

पोरं हसली. मॅडम हसल्या नाहीत, खडू हातात धरून वाट बघत राहिल्या. मग एकेक हसू विझलं, माना खाली गेल्या आणि सगळे लिहू लागले.